हिरवा पेला

१४ जून १९७६, सोमवार

आज सुनेनं मला गवत पाजलं. त्याला दुसरा शब्द नाही. स्टीलचा पेला, त्यात हिरवंगार पाणी, वर फेस, आणि वास थेट ओल्या वैरणीचा.

गेल्या महिन्यात छातीत कळ आली आणि मी आठवडाभर दवाखान्यात पडून होतो. घरी आल्यापासून महादेवीनं माझ्या तोंडाचा ताबा घेतलाय. शेंगांची चटणी बंद, भाकरीवरचं तेल बंद, आणि आता सकाळचा चहाही बंद. रेडिओवर बायकांच्या कार्यक्रमात कुणी वैद्य बोलले म्हणे, अनशापोटी हिरव्या पाल्याचा रस घ्यावा, रक्त साफ होतं, काळजाला बळ येतं. ही मंडईत जाऊन पालक, कोथिंबीर, पुदिना घेऊन आली. शेजारच्या रंभाबाईंच्या शेवग्याचा कोवळा पाला मागून आणला. डालड्याच्या डब्यांत गहू पेरून ठेवलेत, त्याचे कोंभ वीतभर झाले की तेही यात जाणार. सगळं पाट्यावर वाटायचं, फडक्यातून पिळायचं, वर अर्धं लिंबू.

"मामा, नाक धरा अन् गटागटा प्या."

आमच्यात सून सासऱ्याला मामाच म्हणते. मी म्हटलं, "म्हशीला घाल हे."

"म्हशीला काय झालंय? ती धडधाकट हाय की."

प्यायलो. काय करतो! नंतर तासभर ढेकरसुद्धा हिरवे येत होते.

या डायरीचंही तसंच. मुलानं, मल्लिनाथनं, दोन वर्षांमागं पिंपरीच्या कारखान्यातून आणून दिली होती, कोरीच पडून होती. डॉक्टर म्हणाले, कल्लप्पा, मनात काही साठवू नका, बोलत जा. बोलायला कुणाशी? बायको, गुरम्मा, जाऊन सहा वर्षं झाली. म्हणून हे लिहिणं. मिलमध्ये टाइमकीपर होतो, जन्मभर दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या. आता स्वतःचं लिहू.

२० जून

काल पेला खिडकीतून बाहेर ओतायला गेलो तर सूनबाई पदर खोचून मागं उभीच. आजपासून पिऊन होईपर्यंत समोरून हलत नाही.

आज रंभाबाई आल्या होत्या. बाळी वेशीतल्या या घरात आम्ही आलो तेव्हापासूनचा शेजार. म्हणाल्या, "सून असावी तर अशी. आमची साधं पाणी देत न्हाय." मग इकडंतिकडं बघून आवाज उतरवला. त्यांचा भाचा महिपती पिंपरीलाच असतो. त्यानं मल्लिनाथला तिकडं बाजारात बघितलं म्हणे. "एकटा न्हवता, म्हणत होता."

मी म्हटलं, "एकटा कसा असेल? कारखान्यात मित्र असतात. परगावी माणसाला मित्र लागतातच."

रंभाबाई उठून गेल्या. त्यांना प्रत्येक गोष्ट कुजबुजून सांगायची सवय आहे, त्यामुळं साधी बातमीही मोठी वाटते.

मल्लिनाथला पिंपरीला जाऊन चार वर्षं होतील. खोली मिळाली की महादेवीला नेणार. तिकडं खोल्यांची फार टंचाई आहे.

९ जुलै

दोन दिवस ताप होता. साधा पावसाळी ताप, पण महादेवीनं घर डोक्यावर घेतलं. डॉक्टरांना आणायला भर चिखलातून अनवाणी पळाली. ते गोळ्या देऊन गेले तरी हिचा जीव थाऱ्यावर नाही. उंबऱ्याशी बसून राहिली, जेवली नाही.

मी म्हटलं, "अगं, एवढ्याशा तापानं कुणी मरत नाही."

"तसं बोलू नका मामा. तुमाला काय झालं तर मी कुटं जाऊ?"

आणि रडली. हुंदके देऊन रडली. मग माझ्या कपाळाला विभूती लावली. गुरम्मासुद्धा माझ्या आजारपणात इतकी घाबरत नसे. पोर फार जीव लावते. माणसाला मुलगी नसली तरी देव अशी सोय करतो.

३० जुलै

महादेवीचा भाऊ बिरप्पा तिला पंचमीला माहेरी न्यायला आला होता. अक्कलकोटच्या पुढं त्यांचं गाव, घरची थोडी जमीन. ही जायला तयार नाही. "मामाचा रस कोन करंल?" भावानं परोपरीनं सांगितलं, मीही म्हटलं जा, दोन दिवस चहा पितो. ऐकेल तर शपथ.

बिरप्पा निघताना अंगणात थांबला. पायानं माती उकरत म्हणाला, "मामा, भाऊजी लई दिस झालं आलं न्हाईत."

"अरे, हल्ली गाड्या वेळेवर येतात म्हणतात, आमच्या मल्लिनाथचीच तेवढी येत नाही." मी हसलो. तो हसला नाही.

खरं तर लग्नाच्या सहा वर्षांत मूल नाही याचं बिरप्पाला वाईट वाटत असणार. मलाही वाटतं. गल्लीतली पोरं दारापुढं खेळायला लागली की मी आत येऊन बसतो. महादेवीला कधी बोलून दाखवलं नाही. तिला कळत असेल का, माहीत नाही. कोण जाणे, रसाचा गुण तिलाही येईल. आज म्हटलं, "तूही घेत जा थोडा."

"मला काय करायचंय बळ घेऊन?" म्हणाली आणि पाटा धुवायला लागली.

३१ ऑगस्ट

मल्लिनाथ गणपतीला आला, दोन दिवस राहून सकाळी गेला. अंगानं भरलाय. कपडे इस्त्रीचे. बाहेरच्या खोलीत माझ्याजवळ झोपला, म्हणाला, अप्पा, तुमच्याशी बोलायचंय. पण बोलला काहीच नाही, घोरत पडला.

काल सकाळी महादेवीनं त्यालाही पेला दिला. त्यानं एक घोट घेतला आणि मोरीत थुंकला. "हे काय जनावराचं!" ती पेला घेऊन आत गेली. मला त्याचा राग आला. एवढं कष्टानं केलेलं माणसानं निदान गिळावं.

मग त्यानं विषय काढला. "अप्पा, हे घर विकून टाकू. तुम्ही माझ्याकडं चला. तिकडं दवाखाने चांगले आहेत."

"म्हणजे मोठी खोली मिळाली तर. महादेवीला किती आनंद होईल!"

तो नखं बघत म्हणाला, "तिला बिरप्पाकडं राहू दे. थोडे दिवस. मग बघू."

मला ते पटलं नाही. मी स्पष्ट सांगितलं, "मी आहे तोवर हे घर विकायचं नाही. माझ्या मागं तुला काय करायचं ते कर."

स्वयंपाकघरात वरवंट्याचा आवाज येत होता, तो थांबला. जरा वेळानं पुन्हा सुरू झाला. बराच वेळ चालू होता.

आज पेला काठोकाठ भरून आला. मी म्हटलं, पाहुणा गेला तर एवढा का? म्हणाली, "आता रोज एवढा घ्यायचा. अन् दिवस मावळायच्या आत आनखी अर्धा."

२६ ऑक्टोबर

दिवाळी झाली. मल्लिनाथला ओव्हरटाइम होता, जमलं नाही. महादेवीनं दारात पणत्या लावल्या, मला उटणं लावून अंघोळ घातली. पाडव्याला ओवाळायला नवरा नाही, म्हणून मलाच ओवाळू का म्हणाली. मी म्हटलं, हट् वेडे! मग ताट तसंच देवापुढं ठेवलं.

आज डॉक्टरांकडं गेलो होतो. त्यांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला, पुन्हा बघितला, म्हणाले, "कल्लप्पा, तुम्ही तर तरुण झालात. अशीच तब्येत ठेवाल तर अजून वीस वर्षं काही होत नाही." मी गोळ्यांचं श्रेय त्यांना दिलं, रसाचं सुनेला. ते हसले. म्हणाले, रसापेक्षा वेळेवर जेवण आणि जिवाला जीव देणारं माणूस, याचा गुण मोठा.

घरी येऊन महादेवीला वीस वर्षांचं सांगितलं. तिनं दोन-तीनदा विचारलं, "वीस? डाक्टर खरंच वीस म्हनलं?" मग अशी हसली की मी तिला तशी हसताना लग्नात तरी बघितलं होतं की नाही, आठवत नाही. दुपारी सिद्धेश्वराला नारळ फोडून आली. येताना तळ्याकाठच्या बाईकडून दूर्वांची जुडी. रसात आता दूर्वाही!

रसाची मला सवय झाली आहे. कबूल करायला हरकत नाही, सकाळी वरवंट्याच्या आवाजानं जाग येते ती बरी वाटते. घरात कुणीतरी आहे असं वाटतं.

१४ जानेवारी १९७७, संक्रांत

आजचं आजच लिहितो.

सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरलीय. गल्ली माणसांनी फुललेली. बिरप्पाही बायकोपोरांना घेऊन जत्रेला आलाय, त्याच्या चुलत्याकडं उतरलाय. मी कट्ट्यावर बसलो होतो. समोरून मल्लिनाथ आला. मागं एक बाई, कडेवर मूल.

"अप्पा, ही प्रमिला. आत येऊ?"

कोण म्हणून विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. त्यानं सांगितलं. तीन वर्षं झाली म्हणाला. आळंदीला लग्न लावलं म्हणाला.

माझं डोकं फिरलं. गल्ली बघत होती, मला भान राहिलं नाही. "चालता हो! घरात लक्ष्मीसारखी बायको आहे, ती मेली का? कुणाच्या परवानगीनं आलास तू हिला घेऊन?" तो मान खाली घालून उभा. ती बाई रडायला लागली. रंभाबाईंनी सगळ्यांना आत लोटलं आणि दार लावून घेतलं.

आतही मी ओरडत होतो. ओरडताना ते पोर आईच्या कडेवरून उतरलं, दुडुदुडु माझ्याकडं आलं, आणि माझ्या गळ्यातली लिंगाची चांदीची डबी धरून ओढायला लागलं. कपाळ थेट गुरम्माचं. तसंच रुंद, मधे तशीच खोक पडल्यासारखी रेघ.

मी म्हटलं, "नाव काय याचं?"

"सिद्धराम," मल्लिनाथ म्हणाला. "आज्जाचं ठेवलंय."

माझ्या वडिलांचं नाव. मी काय करणार होतो? लेकराचा काय गुन्हा? उचललं. मांडीवर घेतलं. त्यानं माझ्या मिशीत बोटं घातली.

मान वर केली तेव्हा महादेवी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात तिळगुळाचं ताट. किती वेळ उभी होती माहीत नाही. तिनं पुढं येऊन सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. मल्लिनाथच्याही. मग प्रमिलेला विचारलं, "च्यात साखर किती घालू?"

प्रमिला म्हणाली, "ताई, मला यांनी सांगितलं नव्हतं हो. हा पोटात असताना कळलं."

"च्या निवंल. घ्या," महादेवी म्हणाली.

केवढी समजूतदार पोर! मी तर धास्तावलो होतो, आता रडारड होईल, जत्रेच्या दिवशी तमाशा होईल. काही झालं नाही. तिनं सगळ्यांना जेवायला वाढलं. दुपारी नंदीध्वजांच्या उंच सजवलेल्या काठ्यांची मिरवणूक निघाली तेव्हा मी सिद्धरामला खांद्यावर घेऊन चौकापर्यंत गेलो. काठ्या बघून टाळ्या पिटत होता. लोक विचारत होते, कल्लप्पा, हा कोण? मी सांगत होतो, "नातू."

खांद्यावर एवढं वजन घेऊन हिंडलो, पण छातीत एकदाही दुखलं नाही. एवढ्या महिन्यांच्या रसाचा गुण म्हणायचा.

१६ जानेवारी

आज जाग उशिरा आली. घरात आवाज नव्हता.

महादेवी बिरप्पाबरोबर सकाळच्या एसटीनं गेली. तिची ट्रंक नाही, दोरीवरची लुगडी नाहीत. मला उठवलं नाही. मल्लिनाथला माहीत होतं, म्हणाला, "तिचं तिनं ठरवलं, अप्पा. मी काही बोललो नाही."

आठच्या सुमारास रंभाबाई हिरवा पेला घेऊन आल्या. "सांगून गेली हाय. पाला तीन पाण्यानं धुवायचा, लिंबू शेवटाला पिळायचं, अन् पिऊस्तवर समोर उभं ऱ्हायचं, न्हायतर ओतून देत्यात." सांगता सांगता डोळ्याला पदर लावला.

मी विचार करकरून थकलो. मल्लिनाथवर राग, हे समजतं. पण माझ्यावर का? मी तिला एका शब्दानं दुखावलं नाही. उलट भर गल्लीत पोराला झापलं ते तिच्यासाठीच. मग न सांगता का जावं?

आठवडाभर राहील आणि येईल. माहेरी राग निवतो.

२ फेब्रुवारी

आली नाही.

मल्लिनाथ पिंपरीला परत गेला. प्रमिला आणि सिद्धराम इथंच आहेत. तिकडची खोली पोराला लहान पडते म्हणाला. प्रमिला वाईट मुलगी नाही. मान वर करून बोलत नाही. तिनं दोनदा रस करून बघितला, पण नीट वाटला जात नाही, घशात काड्या येतात. रंभाबाईंना तरी रोज रोज कुठं सांगायचं? मीच म्हटलं, राहू दे, चहा टाक.

सिद्धराम महादेवीच्या खोलीत झोपतो. दुपारी माझ्या पोटावर. त्याला चार शब्द येतात, त्यातला एक 'आज्जा'.

आज बाजारातून येताना उतारावर थांबावं लागलं. कुणाच्या तरी ओट्यावर बसलो. घरी सांगितलं नाही.

२० फेब्रुवारी, रविवार

आज महादेवीला आणायला गेलो होतो.

अक्कलकोटला एसटी बदलली. पुढच्या गाडीत सगळे कानडीत बोलत होते. गुरम्मा गेल्यापासून घरात ती भाषा कुणी बोललं नव्हतं, नुसतं ऐकत बसलो. फाट्यावरून गाव बरंच आत. ज्वारीची काढणी चाललेली. बिरप्पाच्या रानात बायका ओळीनं ज्वारी उपटत होत्या. त्यांत महादेवी पटकन ओळखू आली नाही. काळवंडली आहे. हाताला फडकी गुंडाळली होती.

मला बघून धावत आली. पाया पडली. पहिला प्रश्न, "रस घेता का?"

मी म्हटलं, "घेतो." का खोटं बोललो, कळत नाही.

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. झाडाखाली बसवलं, घागरीतलं पाणी दिलं. मी एसटीत सगळं ठरवून ठेवलं होतं, ते बोललो. म्हटलं, "महादेवी, झालं ते वाईट झालं. पण घर तुझंच आहे. प्रमिला तुझ्या शब्दाबाहेर नाही. तू थोरली. आणि सिद्धराम काय, लहान आहे, तुझ्याही अंगाखांद्यावर वाढेल. त्याची मोठी आई होशील तू. तुझ्या खोलीतच झोपतो तो, इतका रुळलाय."

ती मातीत बोटानं रेघा ओढत होती.

"मामा, सासूबाई गेल्या, हे पिंपरीला गेले, तरी मला भ्या वाटलं न्हाय. म्हनायची, मामा हायत. मामा हायत तवर मला कोन उठ म्हनत न्हाय. म्हनून पाटा वाटायची. लोकं म्हनायची, लई माया. माया व्हती. पन भ्या बी व्हतं."

"मग? मी आहेच की अजून. डॉक्टर वीस वर्षं म्हणालेत!"

"व्हय," ती म्हणाली. "तुमी हाय."

एवढंच. मग मीच विचारलं, "त्या दिवशी मी तुला काही बोललो का? माझं काही चुकलं का?"

"न्हाय मामा. पोरगं गोड हाय. कुनी बी उचललं असतं." मग उठली. "भाकरी खाऊन घ्या. लांब जायचंय."

ज्वारीची गरम भाकरी, वांग्याचं भरीत. शेंगांची चटणी वाढताना हात थांबला, मग वाढली. मी पोटभर जेवलो. बिरप्पाची बायको म्हणाली, वन्सं दिवसभर रानात राबतात, घरात बसायचं नाव नाही, आम्ही नको म्हटलं तरी ऐकत नाहीत.

फाट्यापर्यंत महादेवी सोडायला आली. वाटेत मला दोनदा थांबावं लागलं. ती पुढं झाली, मागं वळली, "दुखतंय?" म्हणाली. मी म्हटलं, ऊन लागलं. तिनं पदराचा शेव माझ्या डोक्यावर धरला आणि तशीच फाट्यापर्यंत चालली.

गाडी आली. ती पुन्हा पाया पडली. मी खिडकीची जागा धरली, म्हटलं निघेपर्यंत दोन शब्द बोलता येतील. ड्रायव्हर खाली उतरून विडी ओढत होता, गाडी सुटायला बराच अवकाश होता. मी खिडकीतून बाहेर बघितलं तर ती वाटेला लागली होती. हाक मारली, पण आवाज पोचला नसावा. तिनं मागं बघितलं नाही. रानात ज्वारी अजून निम्मी उभी होती, आणि माणसं कमी. कामाची घाई असणार.